आवाज बंद म्हणजे हो

नवा टीव्ही आमच्या मुलानं आणला, आणि चांगल्या मनानं आणला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यात ते राहून जाईल. जुना टीव्ही सकाळी बंद पडला तो पडलाच. संध्याकाळी हा दारात हजर, बरोबर दोन माणसं आणि दारातून आत येईना एवढं खोकं. त्या माणसांनी नवा भिंतीवर चढवला आणि जुना बदल्यात उचलून नेला. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर येऊन बघते तर ह्यांच्या डाव्या हातात एक काळी गुळगुळीत पट्टी, आणि अंगठा तिच्यावरून घसरतोय.

"जुना रिमोट कुठाय?" मी विचारलं.

"टीव्हीबरोबर गेला. तो काय करायचाय आता?"

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. मी त्याला दहादा सांगितलं होतं की तुझे बाबा त्या रिमोटनं बोलतात. तो दरवेळी "हो का," म्हणायचा आणि बायकोकडं बघायचा. आईचं मन रमतंय तर रमू दे, असं ते बघणं.

आमचे हे बंदरात क्रेनवर होते. जन्म त्या उंच केबिनमध्ये काढला. खाली इतका गोंगाट की ओरडून उपयोग नाही, म्हणून सगळं काम इशाऱ्यावर. खालचा माणूस हात करणार, हे लिव्हर ओढणार. त्या लिव्हरांवरची अक्षरं कधीच झिजून गेली होती आणि ह्यांचं काही अडलं नव्हतं. डोळे हुकावर, हात आपापल्या जागेवर. घरी आल्यावरही बोलणं बेताचंच. मी मात्र दोघांच्या वाटचं बोलत आले.

मग झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मान तेवढी हलायची, पण होला आणि नाहीला सारखीच. हात हातात द्यावा तर जे हातात येईल ते घट्ट धरून ठेवायचे, मग तो माझा हात असो की टॉवेल. बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रांचं कार्ड घेऊन आल्या, ते ह्यांनी कोपरानं ढकलून दिलं. मला वाटलं, संपलं. आता भिंतीशीच संसार.

एकदा टीव्ही चालू होता आणि मी विचारलं, "खिडकी उघडू?" ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी म्हटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून परत विचारलं. ह्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या बहिणीचा फोन आला, महिनाभर राहायला येते म्हणाली. मी फोनवर हात ठेवून विचारलं, "येऊ दे का हो?" टीव्हीचा आवाज असा वाढला की शेजारीण डोकावली. मी हसत सुटले. लग्न झाल्यापासून हे तसंच तर करत आले होते, पटलं की गप्प, पटलं नाही की पेपर फडफडवायचा. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. आवाज बंद म्हणजे हो. आवाज वाढला म्हणजे नाही.

आता तो रिमोटच गेला होता, आणि गेला तो नेमका कधी, तर ह्यांना आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट विचारायची वेळ आली तेव्हा.

ह्यांना गिळता येईनासं झालं होतं. पातळ भरवलं तरी ठसका लागायचा, आणि एकदा ते फुप्फुसात जाऊन ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं की पोटाला भोक पाडून नळी बसवता येते, त्यातून अन्न घालायचं. नाही बसवली तर फार दिवस काढणार नाहीत. बसवली तर काढतील, वर्षही काढतील, पण असेच, अंथरुणात.

"बसवून टाकू," मुलगा म्हणाला.

"विचारू," मी म्हटलं.

"कुणाला?"

"ज्याच्या पोटात घालायची त्याला."

नव्या रिमोटवर बटणं मोजकी. आवाजाला एक बारीकशी दांडी, वर ढकलली की वाढतो, मध्ये दाबली की बंद. मला चष्मा लावून जमेना तिथं ह्यांचं काय. त्यात वर एक मोठं गोल बटण, अंगठा सारखा त्याच्यावरच जायचा. ते दाबलं की टीव्हीतली बाई गोड आवाजात म्हणायची, "बोला, मी ऐकतेय." हे पडद्याकडं बघत राहायचे. मग ती म्हणायची, "समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" सूनबाईनं तोंड फिरवलं. मी ती पट्टी ह्यांच्या हातातून काढून घेतली.

दुकानात गेले तर तिथला माणूस म्हणाला की कंपनीचा जुना रिमोट आता मिळणार नाही, पण एक सगळ्या टीव्हींना चालणारा आहे, तो घेऊन जा. जाडजूड, गुबगुबीत, रबरी बटणांचा. हातात घेतला तर जुन्याचाच भाऊ वाटला. घरी येऊन सूनबाई आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. लाल दिवा लागेपर्यंत एक बटण धरून ठेवायचं आणि कंपनीचा नंबर दाबायचा, असं कागदात लिहिलं होतं. सगळे नंबर दाबून झाले, टीव्ही ढिम्म. तो टीव्ही त्या कागदापेक्षा नवा होता, त्याचं नावगाव त्यात नव्हतंच.

मी दुकानात फोन लावला. तो म्हणाला, मग शिकवावा लागेल. दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवा, टीव्हीबरोबर आलेल्याचं बटण दाबा, म्हणजे हा जाडा शिकतो. तेही केलं. हा काही शिकेना. सूनबाईला कुठूनसं माहीत होतं की मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी धरला तर आत दिवा लुकलुकताना दिसतो. धरला. त्या काळ्या पट्टीचं आवाजाचं बटण दाबलं तर दिवा लागतच नव्हता. पुन्हा फोन. दुकानदार कंटाळला होता, पण त्यानं सांगितलं की त्या रिमोटची टीव्हीशी बिनतारी जोडी झालेली असते, आधी सेटिंगमध्ये जाऊन ती मोडा, मग तो दिव्यानं बोलायला लागेल. जोडी मोडली. कॅमेऱ्यात जांभळा ठिपका चमकला आणि सूनबाईनं माझा हात दाबला. मग एकेक बटण शिकवलं. आवाज वाढवायच्या बटणाला आवाज वाढवणं, बंदच्या बटणाला बंद. जिथं जे लिहिलं होतं तिथं ते. टीव्ही मुकाट्यानं ऐकायला लागला. मला वाटलं, गड जिंकला.

मुलगा ऑफिसातून लवकर आला. मी ह्यांना उशा लावून बसवलं, रिमोट हातात दिला. अंगठा बटणांवरून फिरला, आणि किती दिवसांनी ह्यांच्या चेहऱ्यावर जरा ओळखीचं काही दिसलं. मी नळीचं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. "बसवायची का?"

अंगठा वर गेला. आवाज बंद झाला.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू. पण अंगठा थांबला नव्हता. ह्यांनी तेच बटण परत दाबलं, आवाज आला. परत दाबलं, गेला. आला, गेला. कपाळावर आठ्या चढल्या. मुलगा म्हणाला, "बघ आई, किती जोर देऊन सांगतायत." इतके दिवस त्याला हे सगळं माझं खूळ वाटत होतं, आणि त्या दिवशी मात्र एकदम पटलं. शेवटी ह्यांनी हात खाली टाकला. टीव्ही मुका राहिला. मुलगा डोळे पुसत बाहेर गेला आणि त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन करून परवाची वेळ घेतली.

मी तिथंच बसले. खोली कोंदट झाली होती म्हणून विचारलं, "खिडकी उघडू?" ह्यांचा अंगठा खाली दुमडला, तळव्याकडं, आणि टीव्ही जोरात बोलायला लागला.

खिडकीला नाही? ज्या माणसानं केबिनची काच कधी लावून घेतली नाही, तो खिडकीला नाही म्हणेल? मी पुन्हा विचारलं. पुन्हा अंगठा खाली, पुन्हा आवाज वर. आणि मग माझी नजर त्या अंगठ्यावर गेली. होसाठी ह्यांचा अंगठा नेहमी तसाच दुमडायचा. जुन्या रिमोटवर बंदचं बटण खाली होतं आणि आवाज वाढवायचं वर. ह्या नव्यावर नेमकं उलटं. मी अक्षरं वाचून शिकवलं होतं. हे अक्षरं वाचत नव्हते, कधीच वाचत नव्हते. सगळा जन्म जागेवर हात टाकून भरलेली खोकी जहाजांत उतरवलेला माणूस, आणि त्याच्या बायकोला हे सुचू नये.

म्हणजे मघाशी अंगठा वर गेला होता तो नाही म्हणायला. आवाज वाढेना, उलट बंदच झाला, म्हणून हा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, आणि आम्ही त्याच्यासमोर बसून खुश होत होतो.

हे मला एकटीलाच कळलं होतं. मुलाला नाही, सुनेला नाही. परवा नळी बसली असती आणि कुणी मला एक शब्द विचारला नसता. मला हे हवे होते हो. बोलत नव्हते तरी, उठत नव्हते तरी. सकाळी डोळे उघडले की दुसऱ्या खाटेवर कुणीतरी श्वास घेतंय, एवढंच मला पुरलं असतं. मी तो रिमोट मांडीवर घेऊन बसून राहिले आणि स्वतःला सांगत राहिले की कशावरून, खिडकीला आज खरंच नाही म्हणाले असतील.

पण हा माणूस एकदा भर पाळीत क्रेनवरून उतरून आला होता, खालच्यानं न बघता चुकीचा इशारा दिला म्हणून. कुणाला लागलं नव्हतं. तरी घरी येऊन जेवले नाहीत. "वरच्याला काही दिसत नसतं," एवढंच म्हणाले होते, "खालचा सांगेल त्यावर तो माल सोडतो." आता खाली मी उभी होते.

मी उठले आणि सूनबाईला हाक मारली. दोन्ही रिमोट परत टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवले. वरच्या बटणाला आवाज वाढवायला शिकवलं, खालच्याला बंद करायला.

"आई, हे उलटं होतंय," सूनबाई म्हणाली.

"आधी उलटं होतं," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. तिनं उठून नवऱ्याला बोलावून आणलं.

त्याचा विश्वास बसेना. म्हणून मी ह्यांना त्याच्यादेखत विचारलं, "खिडकी उघडू?" अंगठा खाली, आवाज बंद. "तुमच्या बहिणीला राहायला बोलावू?" अंगठा वर, आवाज वाढला. मुलाला हसू आलं, आणि मग त्याला कळलं की आता पुढचा प्रश्न कोणता, आणि त्याचा चेहरा उतरला.

"राहू दे ना आई," तो हळूच म्हणाला. "एकदा सांगितलंय त्यांनी."

"नाही सांगितलं, राजा. आपण ऐकलं नाही."

मी ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले. "पोटात नळी घालायची म्हणतात. घातली तर राहाल. नाही घातली तर नाही राहणार. कळलं ना मी काय म्हणतेय ते?"

आवाज बंद झाला.

"मग घालायची?"

अंगठा वर गेला आणि तिथंच राहिला. टीव्हीवर कुणी बाई कसलंसं गाणं म्हणत होती, तिचा आवाज चढत गेला, भांडी वाजायला लागली, मुलानं कानांवर हात ठेवले आणि तसाच रडायला लागला. ह्यांनी अंगठा काढला नाही. माझ्याकडं बघत होते, मला ऐकू आलंय का ते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "ऐकलं," म्हटलं. "ऐकलं हो. नको. नाही घालत."

मग अंगठा खाली आला आणि सगळं शांत झालं.

डॉक्टरीणबाईंना फोन मी केला. त्यांनी विचारलं, हे कुणी ठरवलं? मी म्हटलं, ह्यांनी. त्या म्हणाल्या, ते बोलले? मी म्हटलं, हो, बोलले.

मुलगा आणि सूनबाई आत गेले. मी परत खुर्चीत येऊन बसले. दिवसभर जे पोटात धरून ठेवलं होतं ते मग तोंडातून गेलंच. "आणि मी?" मी म्हटलं. "मी राहीन ना हो एकटी? जमेल मला?"

ह्यांनी अंगठा उचलला. वर नेला नाही, खालीही आणला नाही. दोन बटणांच्या मध्ये तसाच अधांतरी धरून ठेवला. मी कितीतरी वेळ वाट बघितली. मग तो रिमोट त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि त्याच्या जागी माझा हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला.