फुकटची भिंत

आमच्याकडे लग्नघराची भिंत रंगवतात. दाराशेजारी गणपती, दोन मोर आणि खाली नवरानवरीची नावं. माझ्या लग्नात चांदूर रेल्वेच्या माझ्या माहेरच्या घराची भिंत पुंजाजी पेंटरने रंगवली. मोर त्याने कोंबड्यासारखे काढले, पण नावं ठसठशीत: देवानंद आणि दामिनी. पावसापाण्याने मोर फिके पडले, नावं टिकली. त्या नावांनीच माझा घात केला.

देवानंद, माझा नवरा, अकोल्यात बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. गेल्या महिन्यात दुकानातल्या कुणीतरी त्याला मोबाइलवर एक गेम दाखवला. मोठ्या माणसांचा म्हणतात, म्हणजे घाणेरडाच. सुरुवातीला एक बंद दार, त्यावर बोट ठेवलं की आत बाई. दाराशेजारी आमच्या भिंतीचा फोटो, नावांसकट. आणि बाईचं नाव दामिनी.

घरी येऊन त्याने फोन माझ्यासमोर धरला. कोपऱ्यात बाजेचा पाय दिसत होता.

"हा फोटो रस्त्यावरून नाई काढला. तुह्या अंगनात, बाजेवर बसून काढला. कोन बसत व्हता तिथं?"

मला माहीत नाही म्हणाले. पण त्या बाजेवर फोन घेऊन कोण लोळतो ते मला तेव्हाच कळलं होतं. माझा धाकटा भाऊ नितेश. अमरावतीत खोली घेऊन राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो. आई गावभर सांगते, माहा पोरगा लहान लेकरायच्या अभ्यासाचं ॲप बनवते.

देवानंद आंघोळीला गेल्यावर मी फोन लावला. नितेशने कबूल केलं. मग स्वतःचंच रडगाणं.

"ताई, मी तो गेम फक्त बाहेरच्या देशात विकत व्हतो. इकडं दिसूच नये असं करून ठेवलं व्हतं. चोरट्यायनं फोडला, हिंदीत केला, फुकट वाटून राहिले. बाईचं नाव मी सोफिया ठेवलं व्हतं. त्यायनं भिंतीवरचं वाचून दामिनी केलं. माही रातंदिवसाची मेहनत लुटली."

चोराच्या उलट्या बोंबा.

"आन् माही भिंत?" मी विचारलं.

बाई त्याने विकत घेतली होती म्हणे. पलंग, पडदे, दिवे, सगळं तयार मिळतं. भिंत तेवढी राहिली होती, आणि तयार भिंती सगळ्या विलायती वाटत होत्या. म्हणून घरची लावली. फुकटची.

"मराठी तिकडं कोन वाचते, ताई? त्यायले ते नुसती नक्षी वाटते."

माझं नाव, नुसती नक्षी. त्याला तिथल्या तिथे कानाखाली द्यावीशी वाटली.

"काढून टाक."

"माह्याकडून काढली. पन चोरलेल्या कॉप्या माह्या हातात नाईत. तक्रार मालकानंच करा लागते, खऱ्या नावानं. खरं नाव दिलं का माह्यावरच पोलीस केस व्हते."

देवानंदने मला मारलं नाही, तो ओरडलाही नाही. बोलणंच बंद केलं. जेवायला बसायचा तेव्हा माझ्याकडे पाठ करून. नितेशचं नाव घ्यावं तर तो तुरुंगात आणि आई लाजेने मरणार. न घ्यावं तर माझा संसार जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी मी नितेशला बजावलं, रविवारी मी यांना घेऊन चांदूरला येते. त्या भिंतीसमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग. तो हो म्हणाला.

रविवारी आम्ही आलो. फाटकातच माझे पाय थबकले. भिंत पांढरीफटक. गणपती नाही, मोर नाहीत, नावं नाहीत. चुना अजून ओला होता.

"नित्या कुठं हाय?"

"सकाळीच गेला अमरावतीले," आई कौतुकाने म्हणाली. "सन नाई, वार नाई, पोरानं सोताच्या हातानं चुना मारला. म्या म्हटलं, नावं राहू दे, साजरी दिसतात. तं म्हने, ताईनंच सांगतलं पुसाले."

देवानंदने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कोडं सुटल्यासारखं.

"तू राह्य इथंच आईजवळ," तो म्हणाला. "मी निंगतो." आणि काढलेली चप्पल पुन्हा पायात घालू लागला.

मी इतकी घाबरले की भीतीच उरली नाही.

"तुमचा फोन द्या."

का ते न विचारता त्याने दिला. मी गेम उघडला आणि ते बंद दार आईच्या हातात ठेवलं.

"हे तं आपली भिंत," आई हरखली. "पुसायच्या आधीची. किती साजरी आली. कोनं काढला वं फोटो?"

"ज्यानं पुसली त्यानं."

देवानंदचा दुसरा पाय चपलेत जाता जाता थांबला.

"नित्यानं? हुशारच हाय माहा पोरगा," आई म्हणाली. "आन् ह्या दाराच्या आत काय हाय?" तिचं बोट दाराकडे गेलं.

देवानंदने झटकन फोन काढून घेतला. "काई नाई, आई. बॅटरी संपली."

चप्पल काढून तो बाजेवर बसला. कितीतरी दिवसांनी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग मान खाली घातली. आई चहा ठेवायला आत गेली. आतूनच म्हणाली,

"जवाईबुवा, तो फोटो मोठा करून आना गा. भिंतीवर लावतो, सगळ्यायले दिसन."

देवानंदने फोन खिशात घातला आणि हो म्हणाला.