न फाडलेली तार

माझ्या नापास होण्याची गोष्ट आमच्या घरात कीर्तनासारखी सांगितली जायची. सांगणारी भागुआत्या. आई गेल्यावर ती निपाणीहून आमचं घर सांभाळायला बंगळूरला आली, ती बहुतेक ही गोष्ट ट्रंकेत घालूनच आली असावी.

"तिकडं वहिनीचा जीव घुटमळत होता, आणि इकडं परीक्षेत ह्याची लेखणी थांबली बघा! कुणी सांगितलं होतं का लेकराला? तार तर दुपारी आली. रक्ताची ओढ म्हणतात ती हीच."

आमच्या जयनगरात तेव्हा घरं कमी आणि धूळ जास्त होती, पण जेवढी घरं होती तेवढ्या सगळ्यांत ही गोष्ट पोचली. बायका माझ्याकडे भरल्या डोळ्यांनी बघायच्या. एकीने तर आपल्या आजारी मुलाच्या डोक्यावर मला हात ठेवायला लावला. मी ठेवला. मान मात्र खाली घालून असायचो, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

खरी गोष्ट अशी.

१९६१च्या एप्रिलची चार तारीख. पीयूसीचा, म्हणजे मॅट्रिकनंतरच्या वर्षाचा, शेवटचा पेपर, केमिस्ट्री, सकाळी दहाला. आई महिन्यापूर्वी निपाणीजवळच्या गावी माहेरी गेली होती, कृष्णाजीमामाच्या बायकोचं बाळंतपण करायला. अण्णा, म्हणजे माझे वडील, विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. ते साडेसहाच्या बसने कामावर गेलेले. घरात मी एकटा. आठ वाजून दहा मिनिटांनी तारवाला आला आणि तारेवर तारीख-वेळ लिहून माझी सही घेऊन गेला. तारेत आईचं नाव घालून इंग्रजीत होतं, "कस्तुराबाई सीरियस. स्टार्ट ॲट वन्स. कृष्णाजी."

आता कृष्णाजीमामाच्या तारांची एक कथाच होती. आजी त्यांच्या तारेतून दोनदा 'सीरियस' झाली होती आणि दोन्ही वेळा अण्णा धावतपळत पोचले तेव्हा ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. त्यामुळे मी स्वतःला सांगितलं, ही तशीच असणार. पण हे मी स्वतःला सांगितलं एवढंच. मला इंजिनियर व्हायचं होतं. वर्षभर त्या पेपरासाठी रक्त आटवलं होतं. सायकलने कारखाना एका दिशेला आणि परीक्षेचं कॉलेज दुसऱ्या. निपाणीकडे जाणारी गाडी अकराला सुटायची. मी तार लॉगच्या कोष्टकांच्या पुस्तकात घातली आणि सायकल कॉलेजकडे वळवली.

तीन तास मी पहिल्या प्रश्नाकडे बघत बसलो. मधूनच काहीतरी खरडलं असेल, कारण शंभरात एकोणीस मिळाले.

पेपर सुटल्यावर सायकल हाणत कारखान्याच्या फाटकावर गेलो. अण्णा बाहेर आले. "तार आत्ताच आली," मी म्हणालो, "घाईत घरीच राहिली." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. रात्रीच्या गाडीने आम्ही दोघे निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पोचलो. आईला टायफॉइड झाला होता. ती पहाटे गेली. माणसांनी बारा वाजेपर्यंत वाट पाहिली आणि ऊन फार म्हणून नेलं. अण्णांना तिचं तोंड दिसलं नाही. सकाळच्या गाडीने निघालो असतो तर बाराच्या कितीतरी आधी पोचलो असतो, कदाचित ती बोललीही असती. हे गणित मी तेव्हापासून रोज करत होतो आणि उत्तर कधी बदलत नव्हतं.

आमच्यात मरणाची चिठ्ठी किंवा तार घरात ठेवत नाहीत, मग ती आधीची 'सीरियस'ची का असेना. वाचली की फाडायची आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. तेराव्यानंतर आत्याने विचारलं, "ती तार कुठाय रं?"

"फाडली."

"शहाणं गं माझं लेकरू!"

फाडली नव्हती. दोनदा फाडायला घेतली होती, पण आईचं नाव अगदी सुरुवातीलाच होतं आणि माझ्याच्याने ते फाडवेना.

सप्टेंबरात मी पुन्हा बसलो आणि केमिस्ट्रीत ब्याऐंशी मिळवले. पुढच्या जूनमध्ये सरकारी इंजिनियरिंग कॉलेजचा अर्ज आणला. नियम सरळ होता. पहिल्या फटक्यात पास झालेल्यांना आधी जागा, बाकीचे शेवटी, आणि शेवटपर्यंत जागा उरतच नसे. मात्र अर्जात एक रकाना होता. घरावर काही आपत्ती आली असेल तर पुराव्यासह लिहा, समिती विचार करील.

"हा रकाना आपल्यासाठीच आहे," अण्णा म्हणाले, आणि कामाला लागले. मामाला चार पत्रं लिहिली. मामाने गावच्या पाटलाच्या मागे लागून मृत्यूचा दाखला मिळवला. त्यावर शिक्का नीट उठला नव्हता म्हणून अण्णांनी तो परत पाठवून दुसरा मागवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा माझ्या लॉगच्या पुस्तकात, आणि वळसा घालताना अण्णांची दमछाक मी बघत होतो.

अर्ज द्यायला दोघे गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले आणि तो कानडी वळणाने म्हणाला, "स्वल्प थांबा." मग दाखल्यावर बोट ठेवून म्हणाला, "पेपर चार तारखेचा. मृत्यू पाच तारखेचा. हे कारण कसं होतं साहेब?"

आत्याची गोष्ट आत्याच्या ओसरीवर चालते, सरकारी खिडकीवर नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तार दुपारीच आली होती ना रे?"

"हो."

कारकून बिचारा भला होता. अर्ज घेतला आणि म्हणाला, "शुक्रवारी मुलाखत आहे. समितीला सांगा काय ते."

शुक्रवारपर्यंत माझं जेवणात लक्ष नव्हतं. मी सकाळीच तार वाचली होती हे दाखवणारा एकच कागद जगात होता. तो दाखवला तर जागा मिळण्याची आशा. पण तोच कागद अण्णांच्या हाती पडला तर? मग मी एक हुशारी केली. मुलाखत आतल्या खोलीत, अण्णा बाहेरच्या बाकावर. आत मी काय दाखवलं ते त्यांना कळायचं कारणच नव्हतं. तार शर्टाच्या खिशात घातली आणि गेलो.

आत तिघे होते. मधले अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी तार वाचली, उलटसुलट करून शिक्का बघितला आणि इंग्रजीत विचारलं, "ही तुला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मिळाली. दहाला तू पेपरला बसलास. वडील कुठे होते?"

"कारखान्यात, सर."

"त्यांना कळवलंस?"

मी दाराकडे बघितलं.

"आले आहेत का ते?" त्यांनी शिपायाला खूण केली.

अण्णा टोपी सारखी करत आत आले. अध्यक्षांनी तार त्यांच्या हातात दिली. "ही तुम्हाला केव्हा कळली?"

अण्णांनी ती हात लांब करून वाचली. मग ड्राफ्ट्समनच्या सवयीने आकड्यांवरून बोट फिरवलं. तारीख. वेळ. बोट वेळेवर थांबलं ते तिथेच राहिलं. मला त्या खोलीतून नाहीसं व्हावंसं वाटलं.

"सकाळीच कळली, सर," अण्णा म्हणाले. "मीच म्हणालो ह्याला, आधी पेपर दे, मग निघू. चूक माझी आहे."

माझ्या वडिलांना खोटं बोलता येत नसे. रजेच्या अर्जावर 'पोटदुखी' लिहिणंसुद्धा त्यांना कधी जमलं नाही. हे एवढं इंग्रजी खोटं ते एकदाही न अडखळता बोलले.

अध्यक्ष माझ्या अर्जावर लाल शाईने काहीतरी लिहून म्हणाले, "दुसऱ्या खेपेचे मार्क पहिल्यासारखे धरू. सोमवारी यादी लागेल." तार त्यांनी अण्णांकडेच राहू दिली.

बाहेर पटांगणात अण्णा बरंच चालले. मी मागे. एका झाडाखाली थांबून ते म्हणाले, "अकराची गाडी मिळाली असती."

"हो."

"तिचं तोंड दिसलं असतं."

"हो, अण्णा." मी रडायला लागलो. त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारावी असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी हातसुद्धा उचलला नाही.

"पेपर दे, असं मी खरंच म्हणालो असतो की काय, मला माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित म्हणालोही असतो. पण ते मला विचारायचं होतंस, श्री. ती माझी बायको होती."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

घरी आल्यावर ते थेट मागच्या दारी गेले. खिशातून तार काढली, सावकाश चार तुकडे केले आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकले. मग हाक मारली, "आक्का, दोघांना पाणी काढ. डोक्यावरून घ्यायचंय."

आत्या पदराला हात पुसत धावत आली. असं अवेळी डोक्यावरून पाणी कशासाठी घेतात ते तिला कळत होतं. तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! कोण गेलं रे?"

अण्णा आईचं नाव कधी घेत नसत. ती असताना नाही आणि गेल्यावरही नाही. 'ही' नाहीतर 'श्रीची आई'.

"कस्तुरा गेली," ते म्हणाले. "तार आज मिळाली."

आत्याने एकदा त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. लेखणी थांबल्याची ती गोष्ट तिने पुन्हा कुणाला सांगितली नाही. अण्णांनी तांब्या भरला, मला दगडावर बसवलं आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. मग तांब्या माझ्या हातात देऊन ते स्वतः खाली बसले.