पिवळ्या रंगाचे तीन हात

तोंड पाण्याकडे

मित्रांनो, मी एक जुनी हातक्रेन आहे. शारजाच्या खाडीला जोडलेल्या एका जहाजी कालव्याच्या काठावर माझा मुक्काम. मला ना वीज लागते, ना इंजिन. माणसाने दांडा फिरवला की मी माझी लांब लोखंडी मान पाण्याकडे वळवायचे आणि लाकडी गलबतांतून तांदळाची पोती, खजुराच्या पेट्या, एकदा तर एक रागावलेली बकरीही उचलायचे.

तोंड काठाकडे

डावीकडे बर्फाचा कारखाना, उजवीकडे गोदाम आणि मधे मी. माझा दांडा वीस वर्षं मालवणच्या सोमनाथकाकांच्या हाती होता. दर शुक्रवारी ते माझ्या मानेखालच्या तीन भोकांत तेल सोडत. हिला खायला घातल्याशिवाय मी जेवत नाही, असं ते खलाशांना सांगत. खलाशी हसत.

पुढे मोठं बंदर झालं. गलबतं कमी झाली, कारखाना बंद पडला. काका निवृत्त होऊन शारजातल्याच अल नहदा भागात लेकाकडे राहायला गेले. माझी मान काठावरच थांबली.

थांबली.

तोंड वाटेवर

यंदा माझ्या मानेखालून फिरण्याची वाट काढली. कारखान्याचं संग्रहालय होणार, गोदामात कॉफी मिळणार. माझं काम पुण्याच्या अनुराधा नावाच्या इंजिनिअरकडे आलं. अट सरळ होती : माझी मान वाटेवरून हटून पाण्याकडे वळली तर मी राहीन, नाहीतर पायापासून कापली जाईन.

अनुराधाने पहिल्या दिवशी दांडा ढकलून पाहिला. मी कुरकुरत का होईना, वीतभर हलले. ती खूश झाली. दिवाळी तोंडावर होती. घरासारखी मलाही रंगवायची तिला हौस आली. पिवळ्या रंगाचे तीन हात. मुकादम उझैरने विचारलं, "मॅडम, ये छेद खुले रखने हैं?" वाळू जाते म्हणून तिने ते बुजवायला सांगितले.

मी सोन्यासारखी दिसत होते, मित्रांनो. पण तपासणीच्या सकाळी चार माणसांनी दांड्याला जोर लावला, तरी मी हलले नाही. तपासनिसाने गुरुवारपर्यंत मुदत दिली. अनुराधा माझ्या सावलीत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला आलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी थांबले. ते सोमनाथकाका होते. त्यांनी माझ्या मानेखाली बोट फिरवलं आणि तिला विचारलं, "दिवाळीत घर रंगवताना बिजागऱ्याही रंगवतेस का गं?"

"हो काका," ती म्हणाली. "बाथरूमचं दार तेव्हापासून लागत नाही."

काका हसले नाहीत. त्यांनी भोकं कुठे आहेत ते दाखवलं. उझैरने तारेने रंग खरवडला, सांध्याभोवतीची पिवळी कड सोलून काढली. आधी रॉकेल, मग तेल. दोन दिवस ते हळूहळू मुरत राहिलं.

तोंड

गुरुवारी उझैर दांडा पाण्याच्या दिशेने लोटू लागला. काकांनी त्याचा हात धरला. "आधी उलटी. थोडीशी. बसलेल्या माणसालाही उठताना आधी मागे रेलावं लागतं."

उलटी.

थोडीशी.

आणि मग मी वळले. कारखाना सरकला, पाण्याची टाकी सरकली, आणि समोर एक गलबत दिसलं. त्यावर कोणीतरी कपडे वाळत घातले होते. तपासनिसाने सही केली. "खलास, हो गया काम," उझैर म्हणाला आणि जमिनीवरच बसला. अनुराधाने डोळे पुसले तेव्हा तिच्या गालाला वंगण लागलं. तिला कोणी सांगितलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करणारे पुष्कळ असतात. ते आम्हाला रंग देतात, फुलं वाहतात, आमच्याबरोबर फोटो काढतात. त्या सगळ्याचा मला आनंदच आहे. फक्त त्याआधी एकदा विचारा, हिचं तेल कुठे घालतात? आणि ज्याला ते माहीत आहे, त्याला फिरायला जरूर बोलवा. इथल्या कामाच्या वहीत अनुराधाने आता लिहून ठेवलंय : शुक्रवारी तेल, रोज एक फेरा. आजचा फेरा अजून व्हायचा आहे. या, दांडा धरा.