हिरव्या चिंधीच्या कोंबड्या

मेलेली कोंबडी दिसली की माझ्या सासूबाई, झुंबरबाई, आधी तिचा पाय बघायच्या. पायात हिरवी चिंधी असली की मटकन खाली बसायच्या आणि मग मान वर करून थेट कुंपणापलीकडे बघायच्या. कुंपणापलीकडे गौहरभाभीचं घर होतं.

बहात्तरचा उन्हाळा. केडगाव तेव्हा नगरला चिकटलेलं नव्हतं. मध्ये शेतं होती, आणि त्या वर्षी शेतांत नुसती ढेकळं. आमच्या विहिरीनं तळ दाखवला होता. घर चाललं होतं ते मळ्यातल्या पांढऱ्या विलायती कोंबड्यांवर. आमचे हे रोज सकाळी सायकलला टोपल्या बांधून नगरच्या लष्करी कॅम्पात अंडी पोचवत. त्या कोंबड्या दिसायला सगळ्या सारख्याच, म्हणून सासूबाईंनी जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या फाडून निवडक कोंबड्यांच्या पायात बांधल्या होत्या. ज्या अंड्याचा खाडा करत नाहीत, त्या हिरव्या चिंधीच्या. त्यांना त्या "माझ्या बाया" म्हणायच्या.

चैत्रात कोंबड्या चोची उघड्या टाकून श्वास घ्यायला लागल्या. घशात खरखर, हिरवट शीट, आणि दोन-तीन दिवसांत एखादीची मान पिळून पाठीवर जायची. आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणत. जनावरांचे डॉक्टर भालसिंग त्याला राणीखेत म्हणाले आणि लगेच विचारलं, "पण संक्रांतीला लस टोचली होती ना? सगळ्यांना?"

"सगळ्यांस्नी," सासूबाई म्हणाल्या.

मी तेव्हा माहेरी बेलापूरला होते. पण कंपाउंडर श्रीमंत बर्फाचा थर्मास घेऊन आला होता आणि त्यानं दिवसभर बसून कोंबड्या टोचल्या होत्या, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

संशय आधी श्रीमंतवर गेला. "त्यानं सुईत पानीच भरलं आसंल," सासूबाई म्हणायच्या. पण मग त्यांच्या ध्यानात आलं की मरतायत त्या बहुतेक हिरव्या चिंधीच्याच. बाकीच्या खोकत होत्या, अंडी पातळ कवचाची घालत होत्या, पण उभ्या होत्या.

"रोग काय चिंधी बघून येतो का गं, राही?" त्या मला म्हणाल्या. "निवडून निवडून माझ्या बायाच कशा मरत्यात? कुनाला तरी म्हाईत हाय चिंधी कशाची ते."

चिंधी कशाची ते घरच्यांखेरीज एका गौहरभाभीलाच माहीत होतं.

गौहरभाभीचा नवरा सत्तार दुष्काळी कामावर सुप्याकडे खडी फोडायला गेला होता. घरात ती आणि तिची लहान मुलगी. दारात मूठभर गावरान कोंबड्या. त्यांची अंडी बाजारात विकून दोघी दिवस काढत होत्या. तिच्याही कोंबड्या त्याच सुमारास थोड्या खोकल्या होत्या आणि बऱ्या झाल्या होत्या. सासूबाईंना तेवढं पुरेसं होतं. त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "तिच्या कोंबड्या मारून पुरा. न्हाईतर माझी एक ऱ्हात न्हाई."

"असं मनाला येईल तसं नाही मारता येत, बाई. आधी रक्त तपासू."

मी कोंबडी धरायची, पंख उचलायचा, डॉक्टर पंखाखालच्या शिरेतून रक्त घ्यायचे. आमच्या काही घेतल्या, गौहरभाभीच्या काही घेतल्या. बाटलीवर आकडा घालून डॉक्टर वहीत कोंबडीचं वर्णन लिहीत होते. "ही चिंधी कसली?"

"वळखायला," सासूबाई म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

पुण्याहून कागद आला तेव्हा डॉक्टरांनी तो आमच्या बाजेवर बसून दोनदा वाचला. कपाळावरच्या आठ्या काही गेल्या नाहीत. ते म्हणाले, "रक्तात रोगाशी झुंजल्याची खूण किती आहे, ते हे आकडे सांगतात. फार मोठा आकडा आला तर रोग नुकताच झालाय. काहीच नसेल तर कोंबडीनं ना रोग पाहिला ना लस. पण मधला आकडा आला तर तो लसीचाही असेल, जुन्या रोगाचाही असेल. तुमच्या बऱ्याचशा मधल्याच आहेत. आणि काही अगदी कोऱ्या."

"आन तिच्या?"

"तिच्याही मधल्या."

"तिनं तर लस टोचलीच न्हाई कधी! म्हंजे रोगच की!"

"कधीतरी झाला असेल. कधी, ते यावर कळत नाही. पुण्याच्या लोकांनीही लिहिलंय, संशयास्पद, पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त पाठवा. आकडा चढला तर आजार ताजा, तसाच राहिला तर जुना."

सासूबाई उठल्या. "संशय पुन्याच्या लोकांस्नीबी आला, आन तुमी म्हंता थांबा!"

कुंपणाशी गौहरभाभी उभी होती. डोक्यावरचा पदर दातात धरून ती सगळं ऐकत होती. "काकू," ती म्हणाली, "मी काही केलं असतं, तर तुमच्या कोंबड्या माझ्या घरात..." आणि मध्येच थांबली.

"काय तुझ्या घरात? बोल की!"

"काही नाही. पंधरा दिवस थांबा, एवढंच म्हणते. माझ्या कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवते. एक बाहेर पडली तर हातानं कापून देईन."

तेवढ्यावर ठरलं. ती आपल्या कोंबड्या दिवसभर बांबूच्या उपड्या डालग्याखाली ठेवायची आणि दुष्काळात मिळणाऱ्या स्वतःच्या वाट्याच्या सरकारी सुकडीतली चिमूट-चिमूट त्यांना घालायची. आमच्याकडे सासूबाई उजाडताच कोंबड्यांच्या पाण्याची भांडी ओतून नवीन भरायच्या, रात्रीत कुणी काही घातलं असेल म्हणून. पाण्याचा टँकर आला की रांगेतल्या बायका गौहरभाभीच्या घागरीपासून आपली घागर जरा लांब सरकवायच्या. लंकाबाई तर मोठ्यानं म्हणाली, "इस्तू मागायला येईल, दारं लावून घ्या गं." गौहरभाभी हसली. "लंकाबाई, चुलीवर ठेवायला काही असेल तर विस्तू लागतो."

तिचं ते कुंपणाशी अर्धवट राहिलेलं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आमच्या कोंबड्या तिच्या घरात कशाला जातील? मी एकदा सासूबाईंना सहज म्हटलं, "आत्याबाई, भाभी त्या दिवशी काय सांगत होती?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीही फितूर असावी. "तिच्याशी बोलू नगंस," एवढंच म्हणाल्या.

पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा कागद आला. या वेळी डॉक्टर श्रीमंतला घेऊनच आले. गौहरभाभीलाही अंगणात बोलावलं. ती मुलीचा हात धरून उभी राहिली. तिच्या घरात मागे डालग्याखाली कोंबड्या कुरकुरत होत्या.

"हिच्या कोंबड्यांचा आकडा होता तिथंच आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे यांचा आजार जुना, चैत्रातला खोकला या रोगाचा नव्हता. तुमच्या सगळ्यांचा चढलाय, म्हणजे रोग खरोखर राणीखेतच. पण एक गोष्ट मला सुटत नाही. मागच्या वेळी ज्या कोऱ्या निघाल्या, त्यांच्यातल्या वाचल्या तेवढ्यांचा आकडा एकदम आभाळाला भिडलाय. त्यांच्या अंगात लस गेलेलीच नव्हती. आणि माझ्या वहीत त्या प्रत्येकीपुढं लिहिलंय, पायात हिरवी चिंधी."

श्रीमंत तडकला. "डॉक्टर, माझ्या हातात दिलेली एकबी कोंबडी मी सोडली न्हाई. हातात दिलेली, म्हंतो मी! बाईंनीच आनून दिल्या, एकेक करून."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या गौहरभाभीकडे बघत होत्या. "सांगितलंस वाटतं यांस्नी?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही, काकू."

"मग यांस्नी कसं कळलं?"

"कोंबड्यांच्या रक्तानं सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "आता तुम्ही सांगा."

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग एकदम ठसक्यात म्हणाल्या, "अंड्यावरच्या हुत्या. सुई बसली की अंडं बंद हुतं, समद्या गावाला म्हाईत हाय. म्हनून माझ्या बाया तेवढ्या बाजूला काढल्या. सुई न्हाई, म्हंजे दुखनं न्हाई. मग त्याच मेल्या, तर मी काय समजायचं? कुनीतरी केलंच आसंल की!"

"बाजूला म्हणजे कुठं?" मी विचारलं.

गौहरभाभीची मुलगीच म्हणाली, "आमच्या डालग्याखाली. दिवसभर. झुंबरआजीनं अम्मीला शपथ घातली होती."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. सासूबाईंना मात्र अजून एक धागा सापडला होता. "पन रोग आला कुठून? ते सांगा की."

"ते यात लिहिलेलं नसतं. वाऱ्यानं येतो, चपलेनं येतो. कॅम्पातून परत येणाऱ्या टोपल्यांनीसुद्धा येतो."

सासूबाईंनी ओसरीवरच्या आमच्या टोपल्यांकडे एकदा बघितलं. मग सवयीनं कुंपणाकडे. पण कोंबड्या मारून पुरायचं पुन्हा काढलं नाही. जाताना डॉक्टर गौहरभाभीला म्हणाले, "सोडा तुमच्या कोंबड्या." ती धावतच गेली आणि तिनं डालगं उलथं केलं. इतके दिवस झाकलेल्या कोंबड्या उजेडात डोळे मिचकावत तशाच उभ्या राहिल्या. मग मुलीनं टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठं पांगल्या.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मी तिला विचारलं, "भाभी, एवढं सगळं झालं, पहिल्या दिवशीच का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर कोणी खरं मानलं असतं?" ती म्हणाली. "लंकाबाई म्हणाली असती, बघा, स्वतःच्या तोंडानं सांगते, कोंबड्या हिच्याच घरात होत्या."

मी माझी घागर तिच्या घागरीला लावून ठेवली.

पुढच्या संक्रांतीला श्रीमंत पुन्हा थर्मास घेऊन आला. या वेळी सासूबाईंनी शेडमधली झाडून सगळ्या कोंबड्या, चिंधीच्या आणि बिनचिंधीच्या, माझ्या हातात दिल्या. मी धरत होते, श्रीमंत टोचत होता. गौहरभाभीनंही आपल्या कोंबड्या टोचून घ्यायच्या म्हणून तयार ठेवल्या होत्या. अंगणात डालगं उपडं होतं आणि ती शेजारी बसली होती.

सासूबाईंचं लक्ष टोचण्यावरून उडालं. त्या हळूच मला म्हणाल्या, "तिनं खाली काय झाकलंय गं?"

गौहरभाभीच्या कानावर गेलंच ते. "माझ्याच आहेत, काकू. या की, बघा."

मला वाटलं, आता तरी शरमतील. पण सासूबाई कुंपण ओलांडून गेल्या, डालगं हातभर उचललं, आणि वाकून एकेका कोंबडीचा पाय बघून आल्या.