आकाराम तात्यांच्या टाचेतलं रेशीम

मी एक जुना रेशमाचा तुकडा आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर यंदाच्या पावसाळ्यातला. पण मित्रांनो, आमच्यात एवढं वय म्हणजे पणजोबाच! शिवाय मी आता शिल्लकही नाही. मग हे बोलतंय कोण, असं मध्येच विचारायचं नाही. गोष्ट ऐकायची आहे ना?

माझा जन्म फलटणजवळ अंजनाबाईंच्या शेडमध्ये झाला. चहूकडे ऊस आणि मध्ये त्यांनी हट्टाने लावलेली तुती. रेशमाच्या अळ्या एकदा पाला खायला लागल्या की पाऊस पडल्यासारखा आवाज येई आणि अंजनाबाई वाळत घातलेले कपडे काढायला धावत. एकदा तर शेजारचा गडी छत्री उघडून शेडमध्ये आला आणि पाऊस थांबायची वाट बघत तसाच उभा राहिला. खोटं वाटत असेल तर त्याची छत्री जाऊन बघा.

कोषात होतो तेव्हा माझं स्वप्न एकच होतं, पैठणी. निदान फेट्याचा तुरा तरी. पण आमची पोती गेली शिरवळच्या एका प्रयोगशाळेत. तिथे मला सोड्याच्या पाण्यात उकळलं, अंगावरचा डिंक धुऊन काढला, क्षाराच्या पाण्यात विरघळवलं, साच्यात ओतलं, गोठवलं आणि सुकवलं. डोळे उघडून बघतो तर मी पावाच्या तुकड्यासारखा जाळीदार! "वेलीला मांडव लागतो ना, तसा हा शरीराच्या पेशींचा मांडव," असं तिथली माणसं कौतुकाने म्हणायची. मी मनात म्हटलं, मांडवात नवरी तरी असते. माझ्या नशिबी काय आलं? टाच!

ती टाच जत तालुक्यातल्या आकाराम तात्यांची. तात्या मेंढपाळ. उभा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेलेला. साखरेच्या आजाराने तळपाय बधिर झाले होते. बाभळीचा काटा टाचेत मोडला तो त्यांना कळलाच नाही. जखम चिघळली, खोल गेली, महिने उलटले तरी भरेना. एका डॉक्टरांनी तर पाय काढायचा सल्ला दिला होता. दिवाळीनंतर कळप कृष्णाकाठाला चरायला निघतो. पाय गेला तर मेंढरं कोणामागे जाणार? म्हणून तात्या बायकोला, शालूबाईंना घेऊन सांगलीच्या इस्पितळात डॉक्टर शिवांजलींकडे आले होते. न भरणाऱ्या जखमांवर माझ्यासारखे तुकडे लावून बघायचं संशोधन तिथे चालू होतं.

"तात्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा रेशमाचा तुकडा जखमेत बसवू. याची अजून चाचणी चाललीय. गुण येईलच असं मी म्हणणार नाही. नको म्हणालात तरी तुमचे बाकीचे उपचार चालूच राहतील. फक्त टाच जमिनीला लावायची नाही. लागली तर सगळं फुकट."

एवढ्या बोलण्यातलं रेशीम तेवढं तात्यांच्या मनात शिरलं.

"आवं ताई, रेशीम द्येवाच्या अंगावर असतंय. त्ये पायाला लावायचं?"

"बसवा वो तुमी," शालूबाई म्हणाल्या. "लग्नात बी घोंगडंच हुतं ह्यांच्या खांद्यावर. आता तरी रेशीम लागू द्या अंगाला!"

तात्या हसले आणि हात जोडून म्हणाले, "बसवा."

मित्रांनो, काय सांगू! त्या दिवसापासून तात्यांनी टाच जमिनीला लावली नाही. कुबड्या घेऊन उंबऱ्यापर्यंत जात, पण पाय असा जपून धरत, जसं तान्हं मूल. पुढच्या वेळी पट्टी सोडली तर जखम लालचुटूक, स्वच्छ.

"कमाल केलीत तात्या! माझे शिकलेले पेशंटसुद्धा इतकं ऐकत नाहीत."

"ऐकतील न्हाई तर काय?" शालूबाई फणकारल्या. "टाचंत बिरोबा द्येव आलाय म्हणत्यात. रोज सांजच्याला पायाला ऊद दाखवत्यात. काल मला म्हणालं, पायाकडं पाठ करून बसू नगंस!"

बाई खळखळून हसल्या आणि मध्येच थांबल्या.

मी मात्र फुगलो होतो. पैठणी राहिली बाजूला, थेट देव! बाईंचा चेहरा बघून मी मनातल्या मनात ओरडलो, "गप बसा हो बाई. पाय वाचतोय ना? मग मला राहू द्या की देव!"

बाईंनी स्टूल ओढलं आणि तात्यांच्या पायाशी बसल्या.

"तात्या, मी सांगितलं होतं, पण तुम्हाला ते नीट कळलं की नाही, हे विचारायचं राहिलं. टाचेत देव नाही. अळीच्या तोंडातून निघालेला धागा आहे. आणि थोड्या दिवसांनी तो विरघळून जाणार. त्या जागी तुमचंच मांस यायला पाहिजे. नाही आलं तर तेही मी तुम्हाला खरंच सांगेन."

"म्हंजी... किडा?"

"व्हय तात्या. किडाच."

तात्या पायाकडे बघत राहिले. आता टेकवतात की काय! किड्यासाठी कोण पाय उचलून धरतं? माझ्या जाळीतलं भोकन् भोक आवळलं.

मग तात्या सावकाश बोलले. "पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर आमी काय करतो, ठावं हाय? तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं ह्याला पांघरतो. मेंढी वास घेती, पाजती. चार दिसांनी कातडं काढून टाकलं तरी पान्हा ऱ्हातो. तुमचा किडा तसाच का?"

बाईंचे डोळे चमकले. "तात्या, अगदी तसाच! आता पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार."

"मग तवर पाय वरच ऱ्हाईल. पर द्येवाच्या भ्यानं न्हाई. तुमी खरं बोलला म्हणून."

त्या माणसाच्या मांसाने मला धरलं, माझ्या जाळीतून वाट काढली, आणि मी कणाकणाने विरत गेलो. कौतुक करावं तर त्या मांसाचं करा.

दिवाळी उलटली. बाई म्हणाल्या, "टेका, तात्या." तात्यांनी टाच टेकवली.

"काय वाटतंय?"

"कळत काय न्हाई. पर खाली जिमीन हाय, येवढं खरं!"

"मग उठा की," शालूबाई म्हणाल्या. "आता गादीचा खास बूट घाला नि चला. मेंढरं काय तुमची आरती करणार न्हाईत."

तर मित्रांनो, घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर रोज त्यांचे तळवे बघा. डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही तर मान डोलवू नका, पुन्हा विचारा. आणि तुमच्यातलं कोणी डॉक्टर झालंच, तर पेशंटच्या पायाशी बसून खरं सांगायला लाजू नका.

बाईंनी मला देवपदावरून उतरवलं, याचा मला जराही राग नाही. देवाला कायम राहावं लागतं. माझं काम जाण्याचं होतं.