राजकन्येचा हेतू

वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिची जीभ अशी काही सुटली होती, की अख्खा वर्ग तिला वकीलीणबाई म्हणायचा. भाषेच्या बाईंनी प्रश्न अर्धा विचारला की हिचा हात वर!

आज शोकांतिकेचा तास होता. नाटक जुनं, त्यातला राजाही म्हातारा. एके काळचा पट्टीचा तिरंदाज. आता हात थरथरतो, पण कबूल करेल तर शपथ! त्याची मुलगी रोज पहाटे गुपचूप लक्ष्य दहा पावलं जवळ आणून ठेवते. बाण बरोबर लागतो, दरबार टाळ्या पिटतो. पुढे शिकारीत लक्ष्य जवळ आणायला कुणीच नसतं, आणि राजाचा बाण स्वतःच्याच मुलाच्या छातीत घुसतो.

"राजाचा दोष काय?" बाईंनी विचारलं.

"गर्व!" वकीलीणबाई उठल्याच. "हात थरथरणं हा काही गुन्हा नाही, बाई. पण लपवणं? शंभर टक्के गुन्हा!"

"छान. आणि राजकन्येचा?"

"तिचा कसला दोष? तिचं तर बापावर प्रेम होतं."

"प्रेम होतंच गं. मी हेतू विचारतेय. ती बापाला जपत होती, की बापाला खरं सांगायच्या भीतीपासून स्वतःला?"

वकीलीणबाई खाली बसल्या.

"वकीलीणबाई, तारीख पाहिजे का तारीख?" मागून गोट्या ओरडला आणि वर्ग खिदळला. तिला मात्र हसू आलं नाही.

कारण शाळेची बस तिचे बाबा चालवत. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीला रांगेत उभे असताना ते हळूच म्हणाले होते, "खालच्या ओळी जरा पुसट दिसतात गं." तिनं दारातूनच तक्ता वाचला आणि पाढे घोकून घ्यावेत तशी बाबांकडून अक्षरं घोकून घेतली. बाबा पास! दोघं घरी येईपर्यंत हसत होते. या वर्षीही तेच केलं, फक्त हसले नाहीत. तेव्हापासून ती बसमध्ये अगदी पुढच्या सीटवर बसायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. "बाबा, लाल झाला हं! बाबा, डावीकडे सायकलवाल्या काकू!" पोरांना वाटायचं, काय मस्त कॉमेंट्री करते ही.

"उद्याच्या स्पर्धेत हाच विषय मांड," तास संपताना बाई म्हणाल्या. "सकाळी सातला माझ्या गाडीतून निघू."

म्हणजे उद्या सकाळी बस तिच्याशिवाय निघणार.

दुपारी बस निघाली तेव्हा ऊन समोरून येत होतं. आत एकतीस पोरं, त्यांचे डबे, त्यांचा कलकलाट. उद्या कोण सांगेल? बसमधल्या मावशी? त्या तर शेवटच्या सीटवर छोट्यांची भांडणं सोडवत असतात. स्पर्धेलाच नाही म्हणावं का? उद्याचं निभेल, पुढच्या वेळचं काय? ती या विचारात इतकी बुडाली, की बोलायचंच विसरली.

"काका, लाल! लाल झाला!" पहिलीतली चिमणी किंचाळली.

ब्रेक कचकन लागला. दप्तरं घसरत पुढे आली, कुणीतरी रडायला लागलं. काचेपलीकडे, हातभर अंतरावर, काठी टेकत रस्ता ओलांडणारे एक आजोबा जागच्या जागी थिजले होते.

"काय हो भाऊ!" मागून मावशी ओरडल्या.

"काही नाही, काही नाही! आज आमची कॉमेंट्री बंद पडली वाटतं," बाबा हसले. पण स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती. उरलेला सगळा रस्ता ती न थांबता बोलत राहिली. झाडं, खांब, कुत्री, सगळं!

शेवटचं पोर उतरलं, पाठोपाठ मावशीही उतरल्या. बस परत शाळेच्या आवारात येऊन उभी राहिली. आता दोघंच होते.

"बाबा, उद्या मी बसमध्ये नाहीये."

"मग? मी काय तुझ्या जिवावर गाडी चालवतो?"

"हो," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा असा तिनं कधी पाहिला नव्हता. "बक्षीस काय मिळालं, बापालाच शिकवायला लागलीस? बावीस वर्षं... खाली उतर!"

ती उतरली. पण घराकडे न वळता आवाराच्या टोकाला असलेल्या बस-विभागाच्या ऑफिसकडे चालू लागली. मागे बाबांचं दार धाडकन आपटलं, पावलं ऐकू आली. ते आपल्याला ओढून नेतील, की आयुष्यभर बोलणार नाहीत, यातलं जास्त भयंकर काय, हेच तिला कळेना.

व्यवस्थापक साहेब टेबलाशी काहीतरी लिहीत होते. "काय गं?"

"उद्याची गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? बाबांना बरं नाही?"

हो म्हणायचं. फक्त ताप म्हणायचं. किती सोपं! शब्द अगदी ओठांवर आला होता, आणि तेवढ्यात पावलं दारात येऊन थांबली.

"त्यांना लांबचं दिसत नाही," ती म्हणाली. "तक्त्यावरची अक्षरं मी पाठ करून घेतली होती. दोन्ही वेळा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून दाराकडे पाहिलं. "लांबचं म्हणजे किती लांबचं, भाऊ?"

तिला मागे वळून बघायचं धाडस होईना.

"साहेब," बाबा अगदी हळू बोलले, "तुम्ही आत्ता रागावलाय का, ते मला इथून कळत नाहीये."

दारापासून टेबलापर्यंत जेमतेम सहा पावलं होती. एवढं तर तिलाही माहीत नव्हतं.