कापडाखालचा ठसा

मी एक जुना लाकडी ठसा आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. हल्ली माझे गावसुद्धा मला ओळखत नाही.

ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातल्या एका मठात मला नासपतीच्या लाकडातून कोरले. माझ्या तोंडावर ख्रिस्ताचे नाव आहे, तेही उलटे. पिठावर उमटले की सुलटे होते. पुढे मी एव्हान्थियाबाईंच्या घरी आलो. दर शनिवारी त्या चर्चच्या वेदीसाठी पाव मळायच्या, मला गोळ्यावर दाबून तसाच ठेवायच्या आणि वर कापड टाकायच्या. पीठ फुगेपर्यंत कापड उचलायचे नाही, हा त्या घरचा नियम.

पावाबरोबर एक चिठ्ठी जायची. एका बाजूला घरातल्या मेलेल्यांची नावे, दुसऱ्या बाजूला जिवंतांची. कोणती बाजू कोणाची, हे लिहिलेले नसायचे; म्हाताऱ्या पाद्रीबाबांना ते पाठ होते. जिवंतांच्या बाजूला एकच नाव होते: मुलगा स्टेर्गिओस. बापाच्या दफनाच्या दिवशी आईशी भांडून तो जर्मनीला गेला, त्याला नऊ वर्षे झाली. फोन नाही, पत्र नाही. रविवारी वेदीपाशी त्याचे नाव घेतले जाते, एवढेच आईकडे उरले होते.

मग पाद्रीबाबा वारले आणि तरुण फादर अवेर्किओस आले. त्यांनी शहरातल्या बेकरीतून पाव मागवायला सुरुवात केली.

"काकू, आता आराम करा. देव आपल्या गावात काहीतरी नवं घडवतोय."

"घडवू दे की. त्यासाठी मला बाजूला कशाला सारलं?"

पाव बंद, म्हणून चिठ्ठीही बंद. मी खणात गेलो, लसणाच्या सुरीशेजारी. त्या हिवाळ्यात मला तडा गेला, नेमका नावाच्या मधून. देवाचे काम चालू होते म्हणतात. खणात त्याचा आवाज येत नव्हता.

हिवाळा सरता सरता मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी चर्चमध्ये फक्त मेलेल्यांची नावे वाचतात आणि घरचे पाव चालतात. एव्हान्थियाबाईंनी मला तड्यासकट दाबले आणि सवयीने जुनीच चिठ्ठी दिली. फादरांनी ती खणखणीत आवाजात दोन्ही बाजूंनी वाचली, सगळी मेलेल्यांत. शेवटचे नाव स्टेर्गिओस.

शेजारीण पोलिक्सेनी तिथेच रडू लागली. "अगं, बोलली नाहीस! कधी गेला गं पोरगा?"

तो खरेच गेला नसेल कशावरून, हे एव्हान्थियाबाईंनाही ठाऊक नव्हते. पोलिक्सेनीने जर्मनीतल्या आपल्या भाच्याला फोन लावून त्याची चौकशी करायला सांगितले. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात फोन वाजला.

"आई, मी मेलो म्हणे?"

"फादरांचं तसं म्हणणं आहे. तुझं काय म्हणणं?"



"आहे अजून."

"जेवलास का?"

"ईस्टरला येतो. बघू."

तो आला नाही. फादर म्हणाले, "बघा काकू, माझ्या चुकीतूनही देवानं काम केलं."

"केलं ना. अर्धं."

आता उरलेल्या अर्ध्यासाठी त्या पुन्हा दर शनिवारी मळतात. बेकरीच्या पावाशेजारी फादर त्यांचाही पाव ठेवून घेतात. चिठ्ठीवर स्टेर्गिओसच्या नावाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'जिवंत' लिहिलेले असते. त्याचा फोन कधी येतो, कधी येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला खणात सुकू देऊ नका. अधूनमधून तेलाचे बोट लावा. आणि कापड उचलून बघण्याची घाई करू नका. खाली अंधारच असतो, मी साक्षीला आहे. फक्त पीठ मला खालून किंचित वर ढकलत असते. भरवसा ठेवायला माझ्याकडे तेवढेच आहे.